तीन माणसं आणि एक बांडगूळ

वजनमापे खात्यातला निरीक्षक निवृत्त होऊन घरी बसला, की त्या घरातल्या साखरेच्या पुडीलासुद्धा धडकी भरते. भिंगकाकांनी निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरावर धाड घातली. पिठाचा डबा तोलला, दुधाचं माप पाणी भरून तपासलं, आणि काकूंचा मोजायचा चमचा खोटा ठरवून चक्क जप्त केला. उभा जन्म दुकानदारांच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधण्यात गेलेला. ती नजर एका दिवसात थोडीच जाणार? काकूंनी थोडे दिवस सोसलं आणि मग त्यांचा तोल सुटला.

"अहो, बाहेर एवढी झाडं उभी आहेत. जरा त्यांच्याकडे बघा की!"

काकूंचं म्हणणं एवढंच होतं, की या गृहस्थांनी तासभर बागेत पाय मोकळे करून यावेत. पण काकांनी तो वरून आलेला हुकूम मानला आणि दुसऱ्या दिवसापासून ते झाडांकडे बघायला लागले. गावात एक झाडं ओळखणारं मंडळ होतं. दर रविवारी सकाळी ही मंडळी सार्वजनिक बागेत जमत, माना वर करून हिंडत आणि माना धरून घरी जात. काका त्यात दाखल झाले. गळ्यात बुटाच्या काळ्या नाडीला बांधलेलं भिंग लटकू लागलं आणि भिंगकाका हे नाव तिथेच पडलं.

काकांना काही येत नव्हतं असं कुणी समजू नये. पानं समोरासमोर फुटतात की एकाआड एक, कडा दातेरी आहे की सरळ, देठ मोडला तर चीक येतो की नाही, चुरगळल्यावर वास कसला, हे सगळं त्यांनी मनापासून शिकून घेतलं होतं. मात्र झाडाकडे जायची त्यांची पद्धत खात्यातलीच राहिली. ते झाडाजवळ बेताबेताने, गिऱ्हाईक असल्यासारखे जात, इकडेतिकडे बघत, आणि मग एकदम पान उलटं करत. पानाची खालची बाजू म्हणजे मालकाने लपवलेलं दुसरं वजन, अशी त्यांची ठाम समजूत होती.

खोट होती ती दुसरीकडेच. मंडळातल्या इतरांना नाव सांगताना आधी 'बहुधा' म्हणायची सवय होती. काकांच्या तोंडून तो शब्द कधी बाहेर पडला नाही. त्यांचं सगळं 'नक्की' असे. मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वाट बघत बसले असताना त्यांनी कोपऱ्यातलं झुडूप तपासलं होतं. पान उलटं केलं, नखाने खरवडलं, हुंगलं आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "चीक नाही, वास नाही, कीड तर औषधालाही नाही. निगा उत्तम आहे." ते झुडूप प्लास्टिकचं होतं. डॉक्टरांनी ही गोष्ट प्रत्येक पेशंटला, तो तोंड उघडून बसलेला असताना, म्हणजे त्याला हसताही येत नसताना, सांगितली.

मंडळाच्या मुख्य म्हणजे बाई. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांचे नियम कडक होते. अनोळखी झाडासमोर एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. नाव लोकांच्या बोलीतलं, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्यायचं. मग त्या झाडाला पत्र्याची पाटी लागे आणि पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'ओळख' म्हणून ओळखणाऱ्याचं नाव येई. बागेतल्या बहुतेक पाट्यांवर बाईंचंच नाव होतं. एका झुडपाखाली दातांच्या डॉक्टरांचं होतं. काकांचं कुठेच नव्हतं, आणि दर रविवारी त्या झुडपावरून जाताना काका मुद्दाम आकाशाकडे बघत.

आता घरातलं सांगायला हवं. घरात काका, काकू, मुलगी आणि जावई. दोन वर्षांपूर्वी काकू न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मुलगी आणि जावई महिनाभरासाठी म्हणून मदतीला आले. काकू चालायला लागल्या, पण यांना जा म्हणावं असं त्यांना वाटलं नाही, आणि ते राहिले. मुलगी सकाळी इस्पितळातल्या प्रयोगशाळेत कामाला जाई. जावई मात्र घरीच असे. मागच्या खोलीत खिडकीशी बसून तो अक्षरं काढी. छापायच्या अक्षरांची नवनवीन वळणं तयार करणं हा त्याचा धंदा होता आणि लांबलांबचे छापखाने त्याच्याकडून ती करून घेत.

हे काकांच्या काही केल्या पचनी पडेना. "अक्षरं आहेत की आधीपासून," ते काकूंना म्हणत. "आपलं सगळ्यांचं त्यांवर भागतंय. यांना नवी कशाला हवीत?" एकदा त्यांनी निरीक्षकाच्या नजरेने दिवसभर पाहणी केली. सकाळी जावयासमोर एक ळ होता. दुपारी तोच ळ होता. संध्याकाळी तो ळ किंचित जाड झाला होता. त्याच सुमारास बाईंनी मंडळाला दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजणाऱ्या, त्याच्याच रसावर पोसणाऱ्या बांडगुळाची माहिती दिली. काका तडक घरी आले, मागच्या खोलीत डोकावले, आणि त्यांना शब्द सापडला.

तेव्हापासून तो शब्द त्यांच्या जिभेवर बसला. मुलगी घरात नसली की "बांडगूळ जेवलं का?" आणि जावई बाहेर गेला की "बांडगूळ कुठं उलथलं?" काकू डोळे वटारत. जावयाच्या कानावर ते जात होतंच, पण तो हसून सोडून देई. गंमत अशी, की संध्याकाळी रुमालात गुंडाळून आणलेली पानं काका ज्याला दाखवत तो माणूस घरात एकच होता. काकूंना झोप येई, मुलगी दमलेली असे. जावई मात्र पेन्सिल खाली ठेवून "मग काय झालं, बाबा?" म्हणे, आणि काका कडा दातेरी असल्याचं पुराव्यानिशी सिद्ध करत.

तर झालं असं, की बागेच्या फाटकाशी वर्षानुवर्षं उभा असलेला जाहिरातीचा अगडबंब फलक वाऱ्याने एका बाजूला कलला, आणि कुणाच्या डोक्यात पडायच्या आत तो उतरवण्यात आला. त्याच्यामागून एक झाड निघालं. फलकाला अडचण नको म्हणून त्याच्या फांद्या दरवर्षी छाटत आलेले, त्यामुळे ते फुलतानाफळताना कुणी पाहिलंच नव्हतं. मधोमध खुंटासारखं खोड आणि छाटलेल्या टोकांवर दाट पानांचे झुबके, त्यांत नारिंगी-लाल, वाकड्या नळीसारखी फुलं. बाई त्या रविवारी नव्हत्या, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मंडळ झाडाभोवती गोळा झालं आणि एकमेकांकडे बघू लागलं.

काका दोन पावलं पुढे सरकले. हे झाड कुणीच ओळखलेलं नव्हतं! त्यांनी आकडीची काठी मागवली आणि एक झुबका बुडासकट खाली ओढला. पान उलटं केलं. जाड, चिवट. चीक नाही. मग त्यांनी पिशवीतला जाडजूड ग्रंथ काढला आणि तिथेच कट्ट्यावर बसून त्यात डोकं घातलं. त्यात दूरदेशीच्या एका झाडाचं असंच नळीचं फूल होतं. पान जरा वेगळं होतं, पण छपाई जुनी असेल. त्या झाडाला बोलीतलं नाव नव्हतं, म्हणून काकांनी उभ्या उभ्या बारसं उरकून टाकलं.

"नळीमोहोर!" ते म्हणाले. "गावातलं पहिलं. नक्की."

"बाईंना दाखवू या आधी," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"जरूर दाखवा. पुढच्या रविवारी पाटी घेऊनच येतो."

काका घरी आले ते जमिनीपासून वीतभर वरून चालत. नेमकी त्याच दुपारी जनगणनेची बाई दारात उभी राहिली. नोकरीला नवी होती बिचारी, सांगेल ते इमानेइतबारे लिहून घेत होती.

"घरात माणसं किती?"

"तीन माणसं आणि एक बांडगूळ," काका म्हणाले. आज त्यांना सगळंच सुचत होतं.

"तीन... आणि एक..." तिचं पेन थांबलं. "शेवटच्याचं कुटुंबप्रमुखाशी नातं काय लिहू?"

"तेच लिहा."

"वय?"

"चौतीस."

"म्हणजे माणूस आहे का?"

"दिसायला," काका म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. हसून वळले तर मागे मुलगी उभी होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली.

 मोजणीवाली गेल्यावर मुलीने दार लावलं आणि दाराला पाठ टेकवून उभी राहिली.

"बाबा, आम्ही गावाच्या पलीकडे दोन खोल्या बघून ठेवल्यात. घरमालकाला रविवारी संध्याकाळी उत्तर द्यायचंय. मी नाही म्हणणार होते. पण तोपर्यंत तो शब्द तुमच्या तोंडून एकदा जरी ऐकला, तर हो म्हणून मोकळी होईन."

"कुठला शब्द?"

"तोच."

"म्हणजे बां..."

"बाबा!"

काकांनी तोंड मिटलं. तुझ्या धमक्यांना कोण भीक घालतो, असा चेहरा करून ते मागच्या अंगणात गेले. पण तिथे कपडे वाळत घालायच्या दोरीशी येऊन ते थांबले. मागच्या खोलीची खिडकी बंद झालेली त्यांना आत्ताच दिसायला लागली. मुलीच्या चपला दारात नसतील. काकू नऊ वाजता झोपतील. आणि रुमालातली पानं घेऊन ते खुर्चीत बसतील तेव्हा "मग काय झालं, बाबा?" असं विचारायला कोणी नसेल. काका घाबरले होते, अगदी मनापासून घाबरले होते, आणि हे त्यांनी दोरीवरच्या टॉवेललासुद्धा सांगितलं नसतं.

तो आठवडा त्यांच्या जिभेला फार जड गेला. शब्द सवयीने यायचा आणि दातांशी आल्यावर वळवावा लागायचा. "काय गं, आपलं बां... बांबू कुठाय?" त्यांनी मुलीसमोर विचारलं. घरात बांबू कधीपासून आला, असं काकूंनी सरळ चेहऱ्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी जावई दारातून आत येताना काका म्हणाले, "आलं का आमचं बां... बांधकामाचं काही पत्र?" तिसऱ्या दिवशी त्यांनी ब अक्षराने सुरू होणारं बोलायचंच सोडून दिलं. त्यामुळे बटाटा, बादली आणि बायको यांना हाक मारायची पंचाईत झाली.

पाटी जावयाने करावी ही कल्पना काकूंची. "घरात अक्षरांचा माणूस असताना बाहेर कशाला जाता?" काका नाइलाजाने कबूल झाले. जावयाने मात्र काम मनावर घेतलं. पत्रा घासून घेतला, रंग आणला, आणि कोपऱ्यात एक पान काढायचं म्हणून काकांनी आणलेला झुबका पाण्याच्या ग्लासात घालून टेबलावर ठेवला. शनिवारी संध्याकाळी पाटी जवळजवळ तयार झाली. 'नळीमोहोर' असं तिच्यावर इतक्या डौलात लिहिलं होतं की काका दोनदा येऊन बघून गेले. दिवसभर एकच ळ का लागतो ते त्यांना पहिल्यांदा थोडं थोडं कळलं. तळाशी बारीक अक्षरांत होतं: ओळख: भिंगकाका.

"बाबा, एक विचारू?" जावई म्हणाला. तो ग्लासातून झुबका काढून उलटासुलटा करत होता. "अक्षराच्या अंगातून निघालेली रेघ वेगळी दिसते आणि मागाहून वेलांटी जोडली तर ती वेगळी दिसते. जोड लपत नाही. ही डहाळी मला जोडल्यासारखी दिसते. झाडांचं असं असतं का?"

"कुठं? आणा इकडे."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. खालची काडी करडी, रखरखीत, भेगाळलेली. वरची डहाळी तांबूस आणि गुळगुळीत. दोहोंच्या मध्ये एक गाठ. खालच्या काडीची साल त्या गाठीभोवती फुगून आली होती आणि तिथेच संपली होती. काकांनी आठवलं: झाडाच्या बाकीच्या फांद्यांवर एकही पान नव्हतं. जे होतं ते या झुबक्यांतच. म्हणजे झाड निष्पर्ण होतं, आणि ते ज्याची पानं, ज्याची फुलं मोजत बसले होते ते झाड नव्हतंच.

"बां..." त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

स्वयंपाकघरात मुलीच्या हातातला डाव थांबला होता. काकांना ते ऐकू आलं.

"बां... बांधणी," ते म्हणाले, "बांधणी फार सुरेख आहे हो तुमच्या अक्षरांची."

जावयाचे कान लाल झाले. हे नक्की कोण बोललं ते बघायला मुलगी स्वतः बाहेर आली. दोन वर्षांत त्या घरात अशी गोष्ट घडली नव्हती. आणि काका खुर्चीत कोसळले, कारण त्यांनी पहिल्यांदा जिची स्तुती केली होती ती पाटी साफ खोटी होती.

गप्प बसलं असतं तर खपून गेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. बाई डोळ्यांवर काळा चष्मा लावून येणार होत्या, त्यांना वर बघायची मनाई होती. डॉक्टरांच्या शंकेला कोणी विचारत नव्हतं. पण निरीक्षकाच्या हातात खोटं वजन आलं, की ते सख्ख्या भावाच्या दुकानातलं असलं तरी त्याच्यावर काट मारायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. सकाळी चुकीची कबुली द्यायची असं ठरवून काका झोपले. दाढी करताना त्यांच्या लक्षात आलं, की ती कबुली तो शब्द उच्चारल्याशिवाय देताच येणार नाही. आणि मुलगी, नवऱ्याची पाटी लागताना बघायची म्हणून, छान इस्त्रीचे कपडे घालून तयार झाली होती.

काकांनी ग्रंथ उघडून घाईघाईने लॅटिन नाव पाठ करायला घेतलं. वाटभर ते पुटपुटत होते. काकूंना वाटलं, जप चाललाय.

फाटकाशी मंडळ जमलं. बाई काळ्या चष्म्यात, झाडाकडे पाठ करून, कट्ट्यावर बसल्या. जावयाने फडक्यात गुंडाळलेली पाटी छातीशी धरली होती.

"आज डोळे तुमचे, कान माझे," बाई काकांना म्हणाल्या. "नियम ठाऊक आहेच. बाकीच्यांनी चूप. हं, सांगा. कुठलं झाड?"

काका पुढे झाले. घसा खाकरला. "मागच्या रविवारी मी जे सांगितलं ते चूक होतं," ते म्हणाले. "ही पानं, ही फुलं, या झाडाची नाहीतच."

मंडळात कुजबुज झाली. दातांच्या डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, की काकांना दुसरीकडे बघावं लागलं.

"शांत!" बाई म्हणाल्या. "मग कुणाची?"

काकांनी लॅटिन नावाला हात घातला. पहिली दोन अक्षरं आली आणि जिभेला गाठ बसली. पुन्हा प्रयत्न केला, तर निघालं ते शिंकेसारखं काहीतरी.

"लॅटिन राहू द्या. फाटकावरच्या रखवालदाराला कळेल असं नाव सांगा."

"ते... परोपजीवी आहे," काका म्हणाले, आणि त्यांना मुलगी दिसली. तिच्या भुवया वर गेल्या होत्या. "म्हणजे अगदी तसं नाही. ते दुसऱ्याच्या अंगावर राहतं." भुवया आणखी वर गेल्या. "म्हणजे आयतं पाणी पितं... पण पाणीच! जेवण स्वतःचं स्वतः करतं!"

काकूंनी पदर तोंडाशी धरला. जावई पाटीकडे बघत उभा होता. काका घामाघूम झाले. जो शब्द टाळायला जावं, त्याच्या जागी त्याहून वाईट शब्द येत होता.

"अहो, काय कोडं घालताय? नाव घ्या," बाई म्हणाल्या.

"घेतो. घेतोच. पण आधी मला थोडं सांगू द्या." काकांनी वर, त्या झुबक्यांकडे पाहिलं. आता नाव टाळायला काहीतरी बोलत राहणं भाग होतं, म्हणून ते जे दिसत होतं तेच बोलत गेले. "पान हिरवंगार असतं. ते स्वतः राबतं, फक्त आपल्याला ते दिसत नाही. आपण नुसते खालून बघतो आणि म्हणतो, फुकटं बसलंय. फुलं आली की पाखरं येतात. आत्तासुद्धा बघा, दोन आहेत. या झाडाला स्वतःचं एक पान नाही. वाळका खुंट नुसता. हे जर वर नसतं, तर या खुंटाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. कुणी विचारलंच नसतं, की बाबा रे, तुझं..."

इथे काका थांबले. वाक्याचं उरलेलं अर्धं रोज संध्याकाळी त्यांना कोण विचारतं ते त्यांचं त्यांना एकदम कळलं. वर पाखरांची चुकचुक चालली होती.

"बांडगूळ," मागून खणखणीत आवाज आला. "बाई, बांडगूळ आहे ते."

जावई बोलला होता. नियम मोडून, मंडळाचा सभासदही नसताना.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि खालचं झाड कुठलं?"

हा प्रश्न काकांना होता. काकांनी खोडावर हात फिरवला. सालीला भेगा होत्या, पण भेगा काय, दहा झाडांना असतात. त्यांनी भिंग उचललं आणि परत सोडून दिलं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"पालवी फुटली की बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला, काकांनी तो धरून त्यांना उठवलं, आणि बाईंनी त्यांच्या पाठीवर हलकी थाप मारली. पाटीचं काय करायचं यावर थोडा वाद झाला. पत्रा चांगला आहे, पुसून पुन्हा लिहावा, असं ठरलं. वर बांडगूळ, त्याखाली 'झाड अजून ठाऊक नाही', आणि तळाशी 'ओळख' म्हणून जावयाचं नाव. काकांनी त्याच्या शेजारी 'चूक: भिंगकाका' असं लिहायचा आग्रह धरला. दातांच्या डॉक्टरांनी त्याला ताबडतोब अनुमोदन दिलं.

घरी येताना मुलगी काकांच्या बरोबरीने चालत होती.

"शब्द तुम्ही उच्चारला नाहीत. म्हणून मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "पण बाबा, झाडाची चूक तुम्ही चारचौघांत कबूल केलीत. माझ्या नवऱ्याबद्दल अजून एक अक्षर बोलला नाहीत. मला कळत नाहीये, मी संध्याकाळी काय उत्तर देऊ."

 माफी मागायचं खात्यात कुणी शिकवलं नव्हतं. जेवताना ते दोनदा जावयाकडे वळले. पहिल्यांदा मीठ मागितलं, दुसऱ्यांदा मीठ परत दिलं.

संध्याकाळी फोन मुलीच्या मांडीवर होता आणि घड्याळ सातकडे सरकत होतं. मागच्या खोलीतून पत्रा घासल्याचा आवाज येत होता. दारावरची बेल वाजली. जनगणनेची बाई होती, चेहरा पडलेला.

"माझ्या साहेबांनी तुमचा तक्ता परत पाठवला," ती म्हणाली. "म्हणाले, तीन माणसं आणि एक अमुक, अशी नोंद चालत नाही. मला बोलणी बसली. सगळं पुन्हा लिहायचंय."

"बसा," काका म्हणाले. त्यांनी स्वतः तिला खुर्ची ओढून दिली. "लिहा. माणसं चार."

"कुटुंबप्रमुख?"

काकांनी जावयाचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, त्याच्या वडिलांच्या नावासकट, एकदाही न अडखळता. ते त्यांना पाठ आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या खोलीत पत्रा घासायचा आवाज थांबला.

"मग तुमचं त्यांच्याशी नातं?"

"सासरा."

"आणि मी?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तुम्ही सासूबाई," काका म्हणाले, आणि भिंगाची काच सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. ती तशी स्वच्छच होती.

फोन वाजला. मुलीने तो कानाला लावला, पण बघत होती ती काकांकडे. जावई हाताला रंग लागलेला तसाच दारात येऊन उभा राहिला.

"आता तुमच्यापुढे काय लिहू?" मोजणीवालीने पेन सरसावलं. "स्वतः काही काम करता, की कुटुंबावर..."

"नाही हो, आमचं खोल्यांचं जमणार नाही," मुलगी फोनवर म्हणत होती. "घरात एक म्हातारे गृहस्थ आहेत. सर्वस्वी आमच्याच जिवावर!"

काकूंना हसू आवरेना. जावयाने घाईघाईने तोंड फिरवलं. मोजणीवाली गोंधळून कधी मुलीकडे, कधी काकांकडे बघत राहिली.

काकांनी भिंग खाली सोडलं.

"ऐकलंत ना?" ते तिला म्हणाले. "तेच लिहा."